हकीम अजमल खान (रह.) : मुळीतील शिफा आणि विद्येची अमानत



अल्लाहने कोणताही आजार उपायाविना ठेवलेला नाही, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. परंतु तो उपाय शोधावा लागतो, पारखावा लागतो आणि जाणकाराच्या हातून घ्यावा लागतो, ही त्याच शिकवणीची दुसरी बाजू आपल्या बयानांतून क्वचितच मांडली जाते. या उणिवेत मीही सहभागी आहे, हे आरंभीच कबूल करतो.

आशागडच्या परिसरात इमामत करीत असताना एका जुम्याला मी तिब्ब-ए-नबवी या विषयावर बयान केले. मृत्यू सोडून प्रत्येक आजारावर कलौंजीत शिफा आहे, या आशयाची हदीस सांगितली आणि तेथेच थांबलो. काही दिवसांनी असरच्या नमाजनंतर आमच्या जमातीतील एक वृद्ध चाचा मला भेटले. रक्तदाबाच्या गोळ्या आपण बंद केल्या असून आता केवळ कलौंजी आणि बाजारातून आणलेली एका मुळीची भुकटी घेतो, असे त्यांनी मोठ्या आनंदाने सांगितले. मी माशाअल्लाह म्हणालो आणि पुढच्या कामाला लागलो. तिसऱ्या आठवड्यात वजू करता करता चाचा कोसळले. त्यांची उजवी बाजू लुळी पडली. अल्लाहच्या कृपेने त्यांचा जीव वाचला. पण तेव्हापासून त्यांची नमाज घरातल्या खुर्चीवर होते आणि सफमधील त्यांची जागा रिकामी असते. त्यांनी मला कधी एका शब्दाने दोष दिला नाही. परंतु ज्या माशाअल्लाहच्या जागी एक प्रश्न विचारायला हवा होता, ते माशाअल्लाह मला आजही टोचते.

त्यानंतर मी ज्या एका पुरुषाचे चरित्र पुन्हा पुन्हा वाचले, त्याचीच ओळख आज आपणास करून द्यावयाची आहे. तो कुरआनचा हाफिज होता, हकिमांच्या घराण्यात जन्मला होता आणि झाडाझुडपांत अल्लाहने शिफा ठेवली आहे यावर त्याची अढळ श्रद्धा होती. तरीही, किंबहुना म्हणूनच, त्या झाडांची कसोटी लागली पाहिजे असा त्याचा आग्रह होता. मसीह-उल-मुल्क हकीम अजमल खान हे त्यांचे नाव.

शरीफ मंझिलचा हाफिज

हकीम अजमल खान यांचा जन्म १८६८ मध्ये दिल्लीत झाला. बल्लीमारान मोहल्ल्यातील शरीफ मंझिल हे त्यांचे घर. मोगल बादशहा शाह आलम यांच्या काळातील नामांकित हकीम शरीफ खान हे त्यांचे पूर्वज. त्यांच्यावरूनच हे घराणे खानदान-ए-शरीफी म्हणून ओळखले जाते. वडील हकीम महमूद खान यांच्याकडे दूरदूरचे रुग्ण येत असत.

आपण डोळ्यांपुढे त्या काळची दिल्ली आणा. १८५७ च्या उठावाची राख अजून पुरती थंड झाली नव्हती. मोगल दरबार संपला होता, मोहल्ले उजाड झाले होते, ग्रंथसंग्रह लुटले गेले होते. जुनी विद्या जपणाऱ्यांना आता कोणाचा आधार उरला नव्हता आणि नव्या सरकारी वैद्यकाला ती विद्या म्हणजे अंधश्रद्धा वाटत होती. अशा काळात या मुलाने कुरआन मुखोद्गत केला, अरबी व फारसी आत्मसात केली, तर्कशास्त्र, तफसीर व हदीस यांचे अध्ययन केले आणि घरातील वडीलधाऱ्यांच्या हाताखाली नाडी पाहण्यास व नुस्खा लिहिण्यास तो शिकला.

१८९२ मध्ये ते रामपूरच्या नवाबांचे मुख्य हकीम झाले. तेथील विख्यात ग्रंथालयाची व्यवस्थाही त्यांनी पाहिली. अरबी-फारसी हस्तलिखितांच्या त्या भांडारात वैद्यकाचा फार मोठा वारसा होता. मालागा येथे जन्मलेल्या आणि १२४८ मध्ये दमास्कस येथे निवर्तलेल्या इब्नुल बैतार यांनी सुमारे १४०० औषधी द्रव्यांची व अन्नपदार्थांची नोंद केली होती. इब्ने सीना यांनी आपल्या अल-कानूनमध्ये औषधाची परीक्षा कशी घ्यावी, याचे नियमच घालून दिले होते. औषध भेसळमुक्त असावे, त्याचा प्रयोग एकाच साध्या व्याधीवर करावा, परिणाम पुन्हा पुन्हा तसाच येतो का ते पाहावे आणि प्राण्यावरील परिणामावरून माणसाबद्दल घाईने निष्कर्ष काढू नये, असा त्या नियमांचा आशय आहे. वाचकहो, हे नियम अकराव्या शतकातले आहेत. आपल्या पूर्वजांनी वनस्पतींवर केवळ विश्वास ठेवला नव्हता, त्यांनी त्यांची झडती घेतली होती.

नुस्खा, दवाखाना आणि मदरसा

थोरले बंधू हकीम अब्दुल मजीद खान यांनी दिल्लीत मदरसा तिब्बिया सुरू केला होता. भावांच्या निधनानंतर त्या संस्थेचा आणि घराण्याच्या मतबचा सारा भार अजमल खान यांच्यावर आला. दिल्लीत आपल्या दाराशी येणाऱ्या गोरगरिबांना ते विनामूल्य तपासत. मात्र एखाद्या संस्थानिकाने दिल्लीबाहेर बोलावले तर दिवसाला एक हजार रुपये घेत, असे सांगितले जाते. श्रीमंताच्या पैशातून गरिबाची दवा आणि विद्यार्थ्याची रोटी चालावी, हा त्यामागचा हिशोब होता.

त्यांचे लक्ष लवकरच एका मूलभूत अडचणीकडे गेले. हकीम कितीही निष्णात असो, अत्ताराच्या दुकानातील मुळीच जर जुनी, किडलेली किंवा भलत्याच झाडाची असेल तर नुस्खा काय करणार? यावर उपाय म्हणून त्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी हिंदुस्तानी दवाखाना उभा केला. ओळखलेली, निवडलेली वनौषधी आणि ठरलेल्या प्रमाणाने बनविलेली औषधे तेथे मिळू लागली. घराण्याचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव त्यांनी या कामी लावला आणि दवाखान्याची मिळकत शिक्षणकार्याला देऊन टाकली. ज्या काळात कित्येक हकीम आपला नुस्खा पोटच्या मुलालाही मरतेवेळीच सांगत, त्या काळातील ही गोष्ट आहे. १९०९ मध्ये त्यांनी स्त्रियांसाठी तिब्बचा स्वतंत्र मदरसा काढला आणि तेथे सुईणींच्या शिक्षणाची सोय केली.

१९११ मध्ये ते युरोपला गेले. लंडनच्या चेरिंग क्रॉस रुग्णालयातील एक हकीकत त्यांच्या चरित्रांत नेहमी सांगितली जाते. तेथील शल्यविशारद स्टॅन्ली बॉइड यांनी एका रुग्णाचा आजार पित्ताशयाचा ठरविला होता. हकीमसाहेबांनी रुग्णाला हाताने तपासून आतड्याच्या वरच्या भागात जुना व्रण असल्याचे अनुमान केले. शस्त्रक्रियेत हकीमसाहेबांचे अनुमान खरे ठरले आणि बॉइड यांनी मोकळ्या मनाने त्यांचा गौरव केला. ही हकीकत सांगताना आपण पुष्कळदा अभिमानाने छाती फुगवतो. परंतु तिचा दुसरा अर्धा भाग अधिक मोलाचा आहे. हकीमसाहेब तेथून आपण जिंकलो एवढेच मनात घेऊन परतले नाहीत. शरीररचना, शल्यक्रिया आणि रसायनशास्त्र यांत आपण मागे राहिलो आहोत, हे त्यांनी पाहिले आणि ते आपल्या विद्यार्थ्यांना शिकविण्याचा निश्चय केला.

इकडे देशात वेगळेच संकट उभे राहत होते. १९१२ मध्ये आपल्या मुंबई प्रांतात वैद्यकीय नोंदणीचा कायदा झाला. पाश्चात्त्य वैद्यक शिकलेल्यांची नोंद त्यात होणार होती. वैद्य आणि हकीम यांना त्यात स्थान नव्हते. हकीमसाहेबांनी वैद्य व हकीम या दोघांना एका परिषदेत आणले आणि या उपेक्षेविरुद्ध आवाज उठविला. मात्र केवळ निषेधाने विद्या वाचत नाही, हे ते जाणून होते. २९ मार्च १९१६ रोजी दिल्लीत करोल बागेत व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंग यांच्या हस्ते आयुर्वेदिक व यूनानी तिब्बिया कॉलेजची कोनशिला बसली आणि १३ फेब्रुवारी १९२१ रोजी गांधीजींच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. एकाच छताखाली यूनानी आणि आयुर्वेद, आणि दोन्हींच्या जोडीला आधुनिक शरीरशास्त्र, अशी ती योजना होती.

देशकार्य

त्यांच्या सार्वजनिक जीवनाचा विस्तार एका लेखात मावणारा नाही. सरकारने दिलेली हाजिक-उल-मुल्क ही पदवी त्यांनी १९२० मध्ये असहकाराच्या चळवळीत परत केली, तेव्हा लोकांनीच त्यांना मसीह-उल-मुल्क म्हणजे देशाचा व्याधिहर्ता म्हणण्यास प्रारंभ केला. खिलाफत चळवळीत ते अग्रभागी होते. डिसेंबर १९२१ मध्ये अहमदाबाद येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले. नियोजित अध्यक्ष चित्तरंजन दास तुरुंगात असल्यामुळे अध्यक्षपद हकीमसाहेबांनी भूषविले. ऑक्टोबर १९२० मध्ये स्थापन झालेल्या जामिया मिल्लिया इस्लामियाचे ते पहिले कुलपती होते आणि ती संस्था आर्थिक अडचणीत सापडली तेव्हा त्यांनी स्वतःच्या खिशातून तिला जगविले. राजकारणाच्या या साऱ्या धावपळीत मतब आणि कॉलेज त्यांनी कधी सोडले नाही. आपल्याला आज ज्या गोष्टीची दखल घ्यावयाची आहे तिचे बीज याच वर्षांत पेरले गेले.

ज्याचे फळ त्यांनी पाहिले नाही

यूनानी नुस्ख्यांतील वनस्पतींची रासायनिक तपासणी करणारी एक संशोधनशाळा तिब्बिया कॉलेजात असावी, अशी हकीमसाहेबांची इच्छा होती. त्या कामासाठी त्यांची नजर एका तरुणावर गेली. सलीमुज्जमान सिद्दीकी हे त्याचे नाव. १८९७ मध्ये अवधच्या बाराबंकी जिल्ह्यात जन्मलेला हा तरुण जर्मनीत फ्रँकफर्ट येथे रसायनशास्त्र शिकत होता. हकीमसाहेबांनी त्याच्या शिक्षणाला साहाय्य केले. १९२७ मध्ये त्याला डॉक्टरेट मिळाली. परंतु तो मायदेशी परतून कामाला लागण्यापूर्वीच, २९ डिसेंबर १९२७ रोजी, रामपूर येथे हकीम अजमल खान यांचे निधन झाले. इन्ना लिल्लाहि व इन्ना इलैहि राजिऊन.

वाचकहो, येथे क्षणभर थांबा. ज्या प्रयोगशाळेचे त्यांनी स्वप्न पाहिले तिच्यातील एकही स्फटिक त्यांच्या दृष्टीस पडला नाही.

१९२८ मध्ये सिद्दीकी परतले आणि तिब्बिया कॉलेजात संशोधनाला आरंभ झाला. ज्या वनस्पतींवर त्यांनी काम केले तिच्यांपैकी एक होती सर्पगंधा. यूनानी हकीम तिला असरोल म्हणतात. कमरेपर्यंतही न पोहोचणारे हे झुडूप. एकेका पेरावर तीन-चार पाने, पांढरी-गुलाबी फुले, तांबूस देठ आणि पिकल्यावर जांभळी-काळी होणारी लहान फळे. हिमालयाच्या पायथ्यापासून कोकण व सह्याद्रीच्या ओलसर रानांपर्यंत ते आढळते. रॉवोल्फ नावाच्या ज्या जर्मन वैद्यावरून त्याला शास्त्रीय नाव मिळाले, तो सोळाव्या शतकात वनस्पतींच्या शोधात हलब आणि बगदादपर्यंत फिरला होता. या झुडपाची मुळी आपल्या देशात शतकानुशतके सर्पदंश, निद्रानाश आणि वेडाचे झटके यांवर दिली जात असे. बिहारकडे तर तिला वेडाची दवा असेच म्हणत.

वनस्पतीतून असा गुणकारी अंश वेगळा करण्याची सर्वसाधारण रीत सांगतो. मुळी वाळवून तिची भुकटी करतात आणि ती मद्यार्कात भिजत ठेवतात. मद्यार्क उडवून लावला की उरलेल्या चोथ्यासारख्या अर्कावर आम्ल आणि अल्कली यांची आलटून पालटून क्रिया करतात. असे करीत करीत नको ते बाजूला सारले जाते आणि शेवटी चिमूटभर शुद्ध स्फटिक हाती येतात. झाड हे द्रव्य मुळात आपल्यासाठी बनवीत नाही. कीड, बुरशी आणि चरणारी जनावरे यांपासून स्वतःचे रक्षण करण्यासाठी अल्लाहने त्याला ही रसायने दिली आहेत. तीच रसायने अल्प प्रमाणात माणसाच्या नसांवर व हृदयावर परिणाम करतात. म्हणूनच एकच वस्तू एका मात्रेत दवा ठरते आणि दुसऱ्या मात्रेत विष.

१९३१ मध्ये सलीमुज्जमान सिद्दीकी आणि रफत हुसेन सिद्दीकी यांनी सर्पगंधेच्या मुळीतून पाच अल्कलॉइड वेगळी केल्याचे प्रसिद्ध केले. त्यांपैकी तिघांची नावे त्यांनी आपल्या आश्रयदात्याच्या स्मरणार्थ ठेवली: अजमलीन, अजमलिनीन आणि अजमलिसीन. आज जगातील कोणत्याही हृदयरोगतज्ज्ञाला अजमलीन हा शब्द माहीत असतो. हृदयाच्या पेशींतील सोडियमचे मार्ग काही काळ रोखून ते अनियमित ठोक्यांवर परिणाम करते. निरोगी दिसणाऱ्या माणसाला अकस्मात मृत्यू आणणारा ब्रुगाडा नावाचा जो हृदयविकार १९९२ मध्ये वर्णिला गेला, तो उघडकीस आणण्यासाठी अनेक रुग्णालयांत डॉक्टरांच्या देखरेखीखाली अजमलीनची सुई देऊन चाचणी घेतात. अशा प्रकारे दिल्लीच्या एका हाफिज-हकिमाचे नाव परदेशातील हृदयविभागात उच्चारले जाते.

मुंबईतील पन्नास रुग्ण

अजमलीन हाती आले, तरी रक्तदाब नेमका मुळीतील कोणत्या अंशाने उतरतो हे कोडे सुटले नव्हते. १९३१ मध्येच कलकत्त्याच्या गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी ही मुळी मनोविकार आणि वाढलेला रक्तदाब या दोहोंवर उपयोगी पडते, असे नोंदविले होते. परंतु जगाने तिकडे लक्ष दिले ते आपल्या मुंबईमुळे. मुंबईतील पारशी हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या पन्नास रुग्णांना सर्पगंधेच्या मुळीच्या गोळ्या दिल्या, त्यांचा रक्तदाब पद्धतशीरपणे मोजला आणि १९४९ मध्ये आपले निष्कर्ष ब्रिटनच्या हृदयरोगविषयक नियतकालिकात प्रसिद्ध केले. तो लेख वाचून अमेरिकेत बोस्टनच्या रॉबर्ट विल्किन्स यांनी प्रयोग आरंभिले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझल येथे मुळीतून रिसर्पिन हा अंश मिळाला. मज्जातंतूंच्या टोकांशी साठविलेली, रक्तवाहिन्या आवळणारी द्रव्ये तो रिकामी करतो आणि त्यामुळे दाब उतरतो, हे पुढे उलगडले. १९५७ मध्ये डॉ. वकील यांना अमेरिकेचा प्रतिष्ठेचा लास्कर पुरस्कार मिळाला.

या गोष्टीत किती हात आहेत ते पाहा. रानातील मुळी ओळखणारा नाव नसलेला वनवासी, ती नुस्ख्यात लिहिणारा हकीम, तीच ग्रंथात नोंदविणारा वैद्य, दिल्लीतील मुस्लिम रसायनशास्त्रज्ञ, कलकत्त्याचे बंगाली डॉक्टर, मुंबईचा पारशी हृदयतज्ज्ञ आणि शेवटी युरोपची प्रयोगशाळा. यांपैकी एकही कडी गळाली असती तर शिफा मुळीतच दडून राहिली असती.

आणि सत्य अर्धेच सांगू नये म्हणून हेही सांगतो. रिसर्पिन मिळाल्यावर त्याचे दोषही उघड झाले. मात्रा अधिक झाली तर रुग्णाला खोल खिन्नता येते, नाक चोंदते, दाब फार खाली जातो. त्याहून सुरक्षित औषधे आल्यावर त्याचा वापर पुष्कळ घटला. हे कळले ते मोजमाप केल्यामुळेच.

आशागडच्या रानात उभे राहून

आता आपल्या परिसराकडे वळू. डहाणू स्टेशनाहून पूर्वेकडे निघाले की आशागडपासून पुढे साग, खैर, मोह आणि पळस यांची सोबत सुरू होते. डहाणू आणि तलासरीच्या पाड्यांवरील वारली, मल्हार कोळी, धोडी या आपल्या शेजाऱ्यांमध्ये आजही असे भगत आणि अशा सुईणी आहेत की ज्यांना रानातील पाला, साल आणि मुळी यांची हातच्या रेषांसारखी ओळख आहे. केंद्र सरकारने १९९१ मध्ये डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून घोषित केला, त्यामागे याच रानाची आणि बागायतीची राखण होती. या भूमीत उभे राहून हकीम अजमल खान यांच्या चरित्रातून आपण काय घ्यावे? मला तीन गोष्टी दिसतात.

पहिली गोष्ट ही की, आजार अंगावर घेऊन स्वतःच वैद्य होऊ नये. हजरत साद बिन अबी वक्कास (रजि.) आजारी पडले तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना खजुराचा उपाय तर सांगितलाच, पण सकीफ कबिल्यातील हारिस बिन कलदा या वैद्याकडे जाण्यासही सांगितले, असे हदीसग्रंथांत आले आहे. वैद्यक न शिकता उपचार करणारा होणाऱ्या हानीला जबाबदार धरला जाईल, हीही प्रेषितांचीच शिकवण आहे. कलौंजीच्या हदीसवर आमची श्रद्धा आहे. परंतु ती किती, कशी, कोणत्या आजारात आणि कशाच्या जोडीला घ्यावी, हे जाणकारांवर सोपविलेले आहे. त्या हदीसमध्ये दुसरी दवा सोडून द्या असे कोठेही म्हटलेले नाही. ते मी बयानात सांगावयास हवे होते. चाचांनी आणलेली भुकटी कोणत्या झाडाची होती, किती जुनी होती, तिच्यात गुणकारी अंश किती होता, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नव्हते. एकाच जातीच्या झाडांच्या मुळ्यांतही जमीन, ऋतू आणि वय यांनुसार अंश कमी-जास्त असतो. गोळीत तो मोजून ठेवलेला असतो, एवढाच तो फरक. पण त्या फरकावर माणसाची उजवी बाजू अवलंबून असते.

दुसरी गोष्ट ही की, वनस्पतीला तुच्छही लेखू नये. ज्या गोळ्यांना आपण विलायती म्हणतो त्यांतील कित्येकांचा वंश रानातच सापडतो. हिवतापावरील क्विनीन १८२० मध्ये सिंकोनाच्या सालीतून वेगळे झाले. आपल्या घरोघरी मधुमेहासाठी घेतले जाणारे मेटफॉर्मिन हे युरोपातील गॅलेगा नावाच्या रानटी झुडपातील द्रव्याच्या अभ्यासातून पुढे आले. चीनच्या तू यूयू यांनी हिवतापावरील आर्टेमिसिनिनचा माग सुमारे १६०० वर्षांपूर्वीच्या वैद्यकग्रंथावरून काढला आणि २०१५ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. सिद्दीकी यांनीही पुढे कडुनिंबाकडे मोर्चा वळविला आणि १९४२ मध्ये निंबाच्या तेलातील कडू द्रव्ये वेगळी केली. आपल्या दारातील कडुनिंबाखाली बसून आपण ज्या विद्येला जुनाट म्हणतो, तिच्या पोटात उद्याचे औषध असू शकते.

तिसरी गोष्ट अमानतीची. सर्पगंधेचे औषध मुळीत असते. मुळी खणली की झाड संपते. जगभरची मागणी वाढली तसे हे झुडूप रानांतून ओरबाडले गेले. अखेर त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध घालावे लागले. पृथ्वीवर माणसाला खलीफा नेमले आहे याचा अर्थ तो मालक आहे असा नव्हे. गरजेपुरते घ्यावे, बी पडू द्यावे, पुढच्या पिढीचा वाटा ठेवावा, हे इस्राफपासून दूर राहण्याचेच दुसरे नाव आहे. आणि मुळीइतकीच अमानत आहे ती जाणणाऱ्याची. ज्याने ती ओळखून पिढ्यान्‌पिढ्या जपली त्याला लाभात वाटा मिळावा, अशी तरतूद आपल्या देशात २००२ च्या जैवविविधता कायद्याने केली आहे. ग्रामपंचायतीमार्फत लोकजैवविविधता नोंदवही ठेवण्याची सोयही त्यात आहे. आपल्या गावची नोंदवही झाली आहे का, तिच्यात आपल्या पाड्यावरच्या म्हाताऱ्या सुईणीचे ज्ञान तिच्या संमतीने आणि तिच्या नावाने लिहिले गेले आहे का, हे विचारण्यास आपणास कोणी अडविलेले नाही. शेजाऱ्याचा हक्क सांगणाऱ्या उम्मतीने शेजाऱ्याच्या विद्येचाही हक्क राखला पाहिजे.

हकीम अजमल खान यांनी घराण्याचा नुस्खा सार्वजनिक कामाला लावला, आपल्या विद्येला प्रश्न विचारले जावेत म्हणून स्वतः पैसा खर्च केला आणि उत्तर ऐकण्यापूर्वीच ते निघून गेले. प्रलय येऊन ठेपला तरी हातातील रोप लावून टाकावे, अशी शिकवण प्रेषितांनी (स.) दिली आहे. हकीमसाहेबांनी ते रोप लावले. त्याची सावली आज त्यांचे नावही न ऐकलेल्या रुग्णांवर पडते. सदका-ए-जारिया याहून वेगळा काय असतो?

मी माझ्यापुरता एक नियम केला आहे. आता जुम्याला शिफाविषयी बोललो की शेवटी एक वाक्य जोडतो: डॉक्टरांना विचारल्याशिवाय चालू औषध बंद करू नका. चाचांच्या घरी दर आठवड्याला जातो, त्यांच्या गोळ्यांची पट्टी पाहतो आणि किती उरल्या ते मोजतो. आपणही, वाचक बंधू-भगिनींनो, आज घरातील वडीलधाऱ्यांच्या उशाशी असलेली औषधे एकदा पाहा. कोणती घेतली जातात, कोणती मुकाट्याने बंद झाली आहेत आणि कोणती भुकटी कोणी आणून दिली आहे, हे प्रेमाने विचारा. हा प्रश्न विचारणे तवक्कुलच्या विरुद्ध नाही. उंट बांधून मगच अल्लाहवर भरवसा ठेवण्याचा तो प्रकार आहे.

अल्लाह मरहूम हकीम अजमल खान यांच्या सेवेचा स्वीकार करो, आमच्या आजाऱ्यांना शिफा देवो, आमच्या रानांची आणि ती जाणणाऱ्यांची राखण करण्याची आम्हास बुद्धी देवो आणि न जाणता बोलण्यापासून आमच्या जिभा सांभाळो. आमीन.